शेवटचा वाटा

मी रियाधला नेमकं काय काम करते, हे माझ्या गावी, हर्णैत, कुणाला समजावून सांगायचं झालं की मी सरळ बंदरावर जाते. समजा, तीन जणी म्हावरं, म्हणजे मासळी, घेऊन बसल्यात. एक वाट्यानं विकते, दुसरी टोपलीनं, तिसरी किलोनं. आता सांगा, परवडणार कुणाचं? नुसतं बघून सांगता येत नाही. तिघींचं म्हावरं एकाच तराजूत घालावं लागतं. तो तराजू बनवणं हे माझं काम. फक्त म्हावऱ्याच्या जागी उपग्रह.

हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं शिकून शेवटी तराजूच धरलास." मी हसले. त्यांचं चुकलं नव्हतं.

आमचं ऑफिस रियाधच्या ओलाया भागात, अकराव्या मजल्यावर. वरून जमिनीचे फोटो काढणारे स्वतःचे उपग्रह सोडायचे, असं एका सरकारी समितीच्या मनात होतं. पावसानंतर गवत कुठे उगवलं, कोणत्या कोरड्या वाडीत, म्हणजे वाळवंटातल्या ओढ्यात, पाण्याचा लोंढा आला, कुठलं शेत सुकायला लागलं, हे त्यातून कळावं. तीन कंपन्यांनी तीन आराखडे पाठवले, प्रत्येकी चारशे पानांचे. मी त्यांना नावं ठेवली होती. पहिला 'दोन हत्ती', कारण त्यात दोनच पण अवाढव्य उपग्रह होते. दुसरा 'चोवीस चिमण्या', लहान लहान उपग्रहांचा थवा. तिसरा 'चौघी', मधल्या आकाराचे चार, निरनिराळ्या कामांचे.

आता गंमत बघा. हत्तीवाले म्हणत, एका जागेवर आम्ही इतक्या तासांनी परत येतो. चिमण्यावाले म्हणत, आम्ही दिवसाला इतके फोटो देतो. चौघीवाले सांगत, दोन फोटोंमध्ये जास्तीत जास्त इतका खंड पडेल. प्रत्येक जण आपलं घोडं पुढे दामटणारच. म्हणून मी परदेशातली एक तयार यादी उसनी घेतली आणि आठ महिने बसून तिच्यातून एक सामायिक शब्दकोश केला. तीनशे बारा शब्द. प्रत्येकाचा अर्थ एक, माप एक. कंपनीचं प्रत्येक वाक्य त्यातल्या कुठल्या तरी शब्दाला जोडायचं, मग मशीन तिन्ही आराखडे शेजारी शेजारी मांडून दाखवतं. जे कशालाच जुळत नाही ते 'उरलेलं' नावाच्या फाइलीत जाऊन पडतं. ती फाइल कुणी उघडत नसे. मशीननं शंभरातलं शहाण्णव जुळलं असं सांगितलं की माणूस उरलेल्या चारांसाठी बसत नाही, चहा प्यायला जातो. मीही जात असे.

त्या वर्षी ऑफिसात दर महिन्याला एखादी खुर्ची बदलत होती. सौदीकरणाचा जोर होता. परक्यांच्या जागांवर देशातली शिकलेली मुलंमुली येत होती. मला त्याचा राग नव्हता. त्यांचा देश, त्यांची मुलं, मी कुठल्या तोंडानं कुरकुर करू? पण माझी खुर्ची मला हवी होती, हेही तितकंच खरं. नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, या देशात आले तेव्हा पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. माझ्या बॅगेत होती, आणि नऊ वर्षं मी इंडियन स्कूलमध्ये भिंगं आणि आरसे शिकवत होते. ही नोकरी गेली तर मला कुणी विमानात बसवणार नव्हतं. पण ज्या कामासाठी मी शिकले होते ते चाळिशीत पहिल्यांदा हाती लागलं होतं, आणि ते सुटलं तर परत मिळणार नव्हतं.

आमचे मुदीर, म्हणजे साहेब, झयान. तेहतीस वर्षांचे, मृदू बोलणारे, आणि म्हणूनच भीती वाटावी असे. त्यांच्या हातात एकच पत्र होतं: 'या जागेवर अजून दोन वर्षं हाच परका माणूस लागेल.' त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "उख्त हफीजा, रविवारी समितीपुढे तुलना मांडू. ती नीट झाली की मी पत्राचं ठरवतो." उख्त म्हणजे बहीण. बहीण म्हणून कुणी पत्रावर सही करत नाही, हे मला कळत होतं.

आणि पत्र झालं नाही तर जागा घेणार होती अरवा. सव्वीस वर्षांची, हफ्र अल बातिनची, इंजिनिअर. सहा महिने ती माझ्या शेजारी बसून शिकत होती. म्हणजे आपल्या जागेवर येणारीला आपणच तयार करायचं. घरी नसरुद्दीन, माझा नवरा, मला चिडवायचा, "अर्धं शिकव, अर्धं पोटात ठेव." पण मला अर्धं शिकवता येत नाही. मी शिकवायला लागले की समोर कोण बसलंय हे विसरते. अरवा मला 'उस्ताजा' म्हणायची, बाई. तीही वस्ताद होती. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही, आणि जे सांगितलं नाही तेच नेमकं विचारायची.

गुरुवारी दुपारी तिनं तसंच विचारलं. ईदची सुट्टी संपवून ती आदल्या दिवशी गावाहून भावाबरोबर गाडीनं आली होती. पाच तासांच्या रस्त्याला आठ तास लागले. धुळीनं पुढचं काही दिसेना, म्हणून अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेऊन बसून राहावं लागलं.

"उस्ताजा," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "आपल्या कोशात धूळ कुठे आहे?"

"हवामानाखाली बघ."

"तिथे ढग आहेत."

"त्याच्या खाली."

"खालीही ढगच आहेत. पातळ ढग, दाट ढग, ढगाची सावली, मोसमी ढग. चौदा नोंदी आहेत ढगांच्या. धूळ नाही."

मी तिची खुर्ची सरकवून स्वतः बघितलं. खरंच नव्हती. उपग्रह आणि जमीन यांच्यामध्ये काय काय आडवं येतं त्याची यादी, तीही सौदी अरेबियासाठी केलेली, आणि तिच्यात चौदा ढग अन् धूळ एकही नाही.

"तुम्ही जी यादी उसनी घेतली होती तीच अपुरी असेल," अरवा म्हणाली. "ती थंड देशांतल्या लोकांनी केलेली आहे."

"असेल," मी म्हणाले.

ती नमाजाला गेल्यावर मी कोशाचा इतिहास उघडला. कोणता शब्द कुणी कधी घातला, कुणी काढला, हे त्यात असतं, आणि तो बघायची मुभा फक्त मला होती. आठ महिन्यांपूर्वीची नोंद सापडली. खोडलेला शब्द: हवेतील धूळ. खोडणारी: हफीजा.

आणि मग सगळं आठवलं. उसनी यादी नऊशे शब्दांची होती, झयानना तीनशेच्या आसपास हवे होते. एका शुक्रवारी घरी चहा पीत मी भराभर खोडत गेले होते. ढगांवर माझा हात चालला नाही. हर्णैत चार महिने आकाश दिसत नाही, ढग काय चीज आहे हे मला कुणी शिकवायला नको. उलट दोन नोंदी मीच पदरच्या घातल्या. आणि धूळ? धूळ म्हणजे झाडू मारायची गोष्ट. दारात आली की बाहेर लोटायची. तिचा उपग्रहाशी काय संबंध, असं म्हणून मी तिला खोडली होती. चौदा वर्षं रियाधमध्ये राहून, दर उन्हाळ्यात खिडक्यांच्या फटींत ओले कपडे कोंबून. डोळे रियाधला आले होते, डोकं हर्णैतच राहिलं होतं.

संध्याकाळी जेवताना मी हे घरी सांगितलं. नसरुद्दीन एका इस्पितळात एक्स-रे मशीन दुरुस्त करतो. त्याचा स्वभावही तसाच, बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, कुणी केला ते विचारायचं नाही.

"शब्द परत घाल आणि गप बस," तो म्हणाला. "इतिहास तुझ्याशिवाय कोण बघणार हाय?"

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"ती पोरगी काय म्हणाली? यादी अपुरी होती. मग होती अपुरी. अगं हफी, ज्या बाईला इथली धूळ दिसली नाही तिला आणखी दोन वर्षं ठेवा असं कोण लिहून देईल? तू स्वतःच त्यांना कारण देतेयस, इथलाच माणूस पाहिजे म्हणून."

आमची मेहनाज सातवीत. तिनं ताटातून मान वर केली. "मम्मा, जस्ट अनडू करो ना."

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी भांडी आदळून ठेवली.

शुक्रवारी सकाळी मी घरच्या लॅपटॉपवर 'उरलेलं' पहिल्यांदा उघडलं. धूळ खोडली, तर धुळीबद्दल जे लिहून आलं असेल ते जाणार कुठे? तिथेच. दोन हत्तींची दोन पानं होती, चिमण्यांची सहा. आणि चौघींची एकेचाळीस. मी वाचत गेले. त्यांच्या चारांपैकी दोन उपग्रह रडारचे होते, धुळीतूनही जमीन बघणारे, हे मला माहीत होतं. पण का, ते मला माहीत नव्हतं, कारण ते सगळं या पानांत होतं. उन्हाळ्यात उत्तरेकडे किती दिवस साधा कॅमेरा आंधळा होतो. वारा थांबल्यावरही धूळ किती वेळ लोंबकळत राहते. चौथा उपग्रह तर ती धूळच मोजायला ठेवला होता. बिचाऱ्यांनी सगळं लिहिलं होतं. माझ्या तराजूला ते घालायला पारडंच नव्हतं, म्हणून मशीननं त्या सगळ्याला शून्य दिलं होतं आणि चौघी तिसऱ्या नंबरावर गेल्या होत्या.

मला अब्बा आठवले. अब्बा एका होडीत चौथ्या हिश्श्याचे भागीदार. होडी लागली की वाळूत वाटे पडायचे, ज्याचा त्याचा ढीग. आणि सगळ्यात शेवटी एक ढीग उरायचा, कशातच न बसलेल्याचा. बारकी, तुटकी, अनोळखी मासळी. तो जाळी विणणाऱ्या खालांना, म्हणजे मावश्यांना, जायचा. पण तो उचलण्याआधी प्रत्येक भागीदारानं त्यात हात घालून बघायचं, अशी रीत होती. एखादा दमला असला, घाई असली, तरी सूट नाही. अब्बा म्हणायचे, "शेवटच्या वाट्यात हात घातल्याशिवाय वाटे झाले म्हणू नये." मी लहानपणी स्वतः हात घातलाय त्यात, काटा टोचून रडलेही आहे. आणि त्याच माणसाच्या मुलीनं आठ महिने शेवटचा वाटा न बघता सांगितलं होतं, वाटे झाले.

मी अरवाला फोन केला आणि म्हटलं, उद्या सुट्टी असली तरी ऑफिसला ये.

शनिवारी आम्ही दोघी सकाळपासून बसलो. शब्द मी तिला घालायला लावले. धुळीबद्दल मी काय सांगणार? तिनं फोनवर आजोबांना पकडलं. ते मेंढ्या पाळतात, अजूनही पावसानंतर कळप घेऊन बाहेर पडतात. नातीनं विचारायचं, आजोबांनी दहा मिनिटं बोलायचं, तिनं त्यातून एक ओळ काढायची. वाऱ्याबरोबर भिंतीसारखी येणारी धूळ वेगळी. वारा गेल्यावर दोन दिवस पांढुरकी लोंबकळणारी वेगळी. जमिनीलगत सरपटणारी वेगळी, तिच्यात माणसाला दिसत नाही पण वरून दिसतं. दुपारपर्यंत पाच नोंदी झाल्या, प्रत्येकीला माप. त्या पाचही नोंदींपुढे मी अरवाचं नाव घातलं.

मग मशीन पुन्हा चालवलं. चौघी पहिल्या आल्या. चिमण्या दुसऱ्या. हत्ती शेवटी, सोंड हलवत.

अरवाला इतका आनंद झाला की तिनं मला मिठी मारली. मलाही आनंद झाला. तराजू आता खरा झाला होता, आणि खरा तराजू बघून मला नेहमीच बरं वाटतं, मग तो माझ्या विरुद्ध का झुकेना.

रविवारी आठ वाजता आम्ही झयानसमोर उभ्या राहिलो. दहाला समिती येणार होती. मी जुनी तुलना आणि नवी तुलना शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी दोन्ही वाचल्या. आवाज चढवला नाही.

"धूळ आधी का नव्हती?"

मी तोंड उघडायच्या आत अरवा बोलली, "उसन्या यादीतच नव्हती, मुदीर."

तिला खरंच तसं वाटत होतं. मीच तिला तसं वाटू दिलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, नसरुद्दीनच्या भाषेत दुरुस्ती झालेलीच होती. पण ही मुलगी दहा वाजता समितीपुढेही तेच सांगेल, उद्या दुसऱ्या कुणाला, आणि माझी चूक तिच्या तोंडून खोटं होऊन फिरत राहील. ते मला सहन होईना.

"होती," मी म्हणाले. "मी खोडली. हा त्या दिवसाचा इतिहास. मी कोकणातली, मला आडवे येणारे म्हणजे ढग एवढंच सुचलं. आणि उरलेल्याची फाइल मी एकदाही उघडली नाही, ती चूक त्याहून मोठी. सापडली ती अरवाला."

अरवानं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय, मला आजही कळलेलं नाही. झयाननी इतिहासातली ती ओळ वाचली.

"समितीपुढे धूळ अरवा मांडेल," ते म्हणाले. "बाकी तुम्ही."

समितीत सात जण होते. अरवानं धूळ मांडली आणि ती असं बोलली की मला माझ्या वर्गातली पहिली आलेली मुलगी आठवली. ती बसल्यावर समितीतले एक वयस्क गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, माझ्याकडे वळले. "आठ महिने धूळ सुटली होती. आणखी काय सुटलंय?"

प्रश्न रास्त होता. आणि या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पक्कं होतं.

"तिन्ही कंपन्यांची मिळून एकोणपन्नास पानं उरली होती," मी सांगितलं. "त्यातली धुळीची आता कोशात घेतली. उरलेली सगळी आज तुमच्यासमोर ठेवलीत, एक ओळही न गाळता. आम्हाला निरुपयोगी वाटलेलीसुद्धा. तुम्ही प्रत्येकानं बघावीत, मगच ठरवावं. आमच्या गावात वाटे असेच करतात."

मी त्यांना बंदरावरची रीत, 'वाटा' हा शब्द तसाच ठेवून, दोन वाक्यांत सांगितली. झयान जरा अस्वस्थ झाले, उपग्रहांच्या बैठकीत मासळी कशाला, असं त्यांना वाटलं असणार. पण त्या वृद्ध गृहस्थांनी पानं पुढे ओढली आणि चष्मा लावला. बाकीच्यांनाही ओढावी लागली. पाऊण तास त्या खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज होता. मग समितीनं आमची तुलना मान्य केली.

दुपारी झयाननी मला आत बोलावलं. टेबलावर ते पत्र होतं. सही नव्हती.

"उख्त हफीजा, मी हे पाठवत नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही चुकलात म्हणून नाही, हे लक्षात ठेवा. चूक तुम्ही सांगितलीत त्यामुळे उलट सही करावीशी वाटली. पण पत्रात लिहावं लागतं की हे काम करणारं दुसरं कुणी नाही. आज मी अरवाला ऐकलं. आता मी ते कसं लिहू?"

अर्धं पोटात ठेवलं असतं तर सही झाली असती. मला फार राग आला, आणि त्या रागातच अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत. "तिला अजून मापांचं थोडं शिकवायचं राहिलंय," मी म्हणाले. "महिना लागेल." त्यांनी महिना दिला.

त्या महिन्यात मी तिला सगळं शिकवलं. इतिहास बघायची मुभाही तिच्या नावावर केली. गुरुवारच्या त्या 'असेल'बद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "खलास, उस्ताजा," आणि विषय मिटवला. इंडियन स्कूलनं अकरावीला पदार्थविज्ञान शिकवशील का म्हणून विचारलं होतं, मी हो म्हणाले होते. मी रिकामी बसणारी बाई नाही.

शेवटच्या दिवशी मी टेबल आवरत होते. अरवानं मला तिच्या स्क्रीनकडे बोलावलं. कोशात तीनशे सतरा शब्द होते, तीनशे बारा माझे, पाच तिचे. आता तीनशे अठरावा दिसत होता. अरबी अक्षरांत लिहिलेला, पण वाचताना मी थबकले. तिनं मोठ्यानं वाचला. "वाटा." पुढे अर्थ होता: 'कोणत्याही तुलनेत कशालाच न जुळलेला भाग. तो सर्वांनी पाहिल्याशिवाय तुलना पूर्ण धरू नये.' पुढे शब्द देणारीचं नाव होतं, हफीजा, हर्णै. आणि खाली तिनं एक कुलूप लावलं होतं. हा शब्द खोडता येणार नाही.

"बरोबर आहे का?" तिनं विचारलं.

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांचा शब्द रियाधमध्ये अकराव्या मजल्यावर कुलपात बसला होता. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, जशी गेले सात महिने ती माझ्या शेजारी बसायची.

"नाही, चूक आहे," मी म्हणाले. "नुसतं पाहून चालत नाही. लिही, प्रत्येकानं हात घालून पाहिल्याशिवाय."

तिनं कुलूप उघडलं, ते दोन शब्द घातले आणि परत लावलं.